नववीच्या वर्गात कोण बसतं?

दहावीचा निकाल लागला की कोकण पहिला, ही बातमी छापून यायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी २०१२ साली वेगळं कोकण विभागीय मंडळ झालं आणि तेव्हापासून हा मान सातत्याने इकडेच आहे. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. पेढे वाटले जातात, गुणवंतांचे फलक नाक्यावर लागतात. टक्केवारीच्या शेजारचा दुसरा आकडा मात्र फारसं कुणी वाचत नाही. राज्यात पंधरा लाखांवर मुलं परीक्षेला बसतात, त्यांतली कोकण मंडळाची सत्तावीस हजारांच्या आसपास. नऊ विभागीय मंडळांत सगळ्यांत कमी. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत होती आणि या दोन जिल्ह्यांची घटत होती. रत्नागिरी १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्ग ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर. माणसं मुंबई-ठाण्याला गेली, गोव्याला गेली, आखातात गेली, बोटीवर गेली. घरात आजी, अंगणात कुलूप लावलेली दुसरी खोली, आणि शाळेत पट उतरलेला.

या उतरत्या पटाच्या शाळांत एक प्रकार असा आहे, ज्याच्याबद्दल बोलताना बहुतेकांची जीभ एकतर फार गोड होते किंवा फार कडू. चर्चच्या आवारातली, फादरांची किंवा सिस्टरांची छोटी माध्यमिक शाळा. मी अशा एका शाळेत बरीच वर्षं मराठी शिकवलं. मी ख्रिस्ती नाही, माझ्या वर्गातली बहुतेक मुलंही नव्हती. तेव्हा या लेखात बाहेरच्याचा तटस्थपणा शोधू नका, आणि आतल्याची भक्तीही.

मला म्हणायचंय ते एवढंच: या शाळांना घटनेने जो खास हक्क दिला आहे, तो त्यांनी आपल्या लहानपणासाठी आणि गरिबाच्या पोरासाठी वापरला तर तो टिकेल आणि टिकावाही. फी वाढवायला आणि कायद्यातून सुटायला वापरला, तर उद्या तो काढून घेतला जाईल तेव्हा शाळेच्या बाजूने उभं राहायला गावातलं कुणी पुढे येणार नाही.

आधी हक्काचं बघू. अनुच्छेद ३० प्रमाणे धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था काढून चालवता येतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांना द्याव्यात, असं त्यात आलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळलं आणि २०१४ च्या प्रमती निकालात घटनापीठाने अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही संपूर्ण कायद्यातून बाहेर काढलं. अकरा वर्षं तसं चाललं. मग १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, प्रमती निकाल बरोबर होता का अशी शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवावा असं सांगितलं. २०२५ च्या त्या निकालात अल्पसंख्याक नसलेल्या शाळांतल्या शिक्षकांना टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, सक्ती आली, त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत सगळी चर्चा टीईटीची झाली. पन्नाशीच्या जवळ आलेली माणसं पुन्हा गाइडं घेऊन बसली. पंचवीस टक्क्यांचा मूळ प्रश्न त्या गडबडीत बाजूला पडला.

तो बाजूला पडू नये. कारण आकडे बोलतात, आणि ते संस्थाचालकांना गैरसोयीचे आहेत. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये अल्पसंख्याक शाळांवर अहवाल काढला. त्यात देशभरच्या ख्रिस्ती शाळांतली चारांतली जवळजवळ तीन मुलं ख्रिस्ती नसल्याचं दिसलं. यात वाईट काहीच नाही, उलट मला ते भूषण वाटतं. पण त्याच अहवालाप्रमाणे सगळ्या धार्मिक अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक-आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतली मुलं नऊ टक्क्यांच्याही आत होती. म्हणजे दार सगळ्यांना उघडं, पण आत कोण आलं? फी भरू शकणारे. आयोगाचा हेतू काय होता, त्याचं राजकारण काय, यावर वाद घालता येईल. मुंबईतल्या, पुण्यातल्या नावाजलेल्या कॉन्व्हेंटच्या रांगा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला या आकड्याचं आश्चर्य मात्र वाटणार नाही.

कोकणातली छोटी शाळा या आकड्यात फुकट भरडली जाते. तिथली तऱ्हा वेगळी आहे.

ऑगस्ट महिन्यातला वर्ग डोळ्यांसमोर आणा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. बंदी उठली की होड्या पाण्यात जातात आणि नववी-दहावीच्या मागच्या बाकावरची चार-पाच मुलं दिसेनाशी होतात. कुणी बापाबरोबर होडीवर, कुणी जेटीवर बर्फ फोडायला, कुणी आईबरोबर टोपल्या उचलायला. मोठ्या शाळेत हजेरीपटावर लाल फुल्या पडतात आणि महिन्याने घरी छापील पत्र जातं. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी सिस्टर स्वतः छत्री घेऊन मच्छीमारांच्या खारवीवाड्यात जात. ओरडायला नाही. कोणत्या दिवशी होडी जात नाही ते विचारायला. मग त्या दिवशी ते पोर शाळेत यायचं, उरलेला धडा मधल्या सुट्टीत माझ्यासमोर बसून उतरवायचं, वहीला मासळीचा वास, आणि सहामाहीला पास व्हायचं. गणिताच्या सरांनी तर एका मुलाला भागाकार-टक्केवारी होडीच्या वाटणीवरून शिकवली. डिझेल किती, बर्फ किती, मालकाचा वाटा किती, खलाशाचा किती. तो मुलगा पुढे वाटणीच्या हिशोबात मालकाशीच भांडायला लागला, हा भाग वेगळा.

हे सगळं कसं जमलं? शाळा लहान होती म्हणून. वर्गात अठ्ठावीस मुलं असली की कोण आलं नाही ते हजेरी न घेता कळतं. कोणाची आई माहेरी गेली आहे, कोणाचा बाप दुबईहून पैसे पाठवायचा थांबला आहे, कुणाच्या डब्यात चार दिवस नुसती भाकरी आहे, हे शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. त्याचा त्रासही असतोच. लहान शाळेत लपायला जागा नसते. एखाद्या पोराचं नाव एकदा ‘उनाड’ म्हणून पडलं की सहा वर्षं तेच. पण हा त्रास आणि तो उपयोग एकाच गोष्टीतून येतात.

आता या लहानपणालाच दोन बाजूंनी धोका आहे.

एक बाजू सरकारची. संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवायचे, निकष १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने पुन्हा बदलले आणि वरच्या वर्गांत वीसच्या आत पट असेल तर शिक्षकाचं पदच हातचं जाण्याची वेळ आली. मुंबईत बसून हा निकष योग्य वाटत असेल. एवढ्या थोड्या मुलांना इतके शिक्षक कशाला, असा तो सरळ हिशोब. पण जिथे लोकसंख्याच घटली तिथे पट घटला, तो शाळेने काय पाप केलं म्हणून? शेजारच्या गावातली शाळा म्हणजे मध्ये खाडी, खाडीवरून वळसा, आणि एसटीची एक फेरी सकाळची, एक संध्याकाळची. पावसात तीही धड नाही. आठवीतली मुलगी तिथे रोज जाईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी जुलैमध्ये एकदा त्या गाडीची वाट बघत स्टॉपवर उभं राहावं. लहान शाळेला चित्रकलेचे सर मिळत नाहीत, खेळाचे सर मिळत नाहीत, विज्ञानाच्या बाई भूगोलही घेतात. हे सहन करून शाळा चालते. तीनाचे दोन शिक्षक झाले की चालत नाही, नुसती उघडते आणि बंद होते. ही झळ सगळ्याच छोट्या शाळांना आहे, रयत शिक्षण संस्थेच्या असोत की गावातल्या शिक्षण मंडळाच्या, त्यात चर्चचं वेगळं काही नाही.

दुसरी बाजू मात्र संस्थांची स्वतःची, आणि मला जास्त टोचते ती हीच. अनुदानित मराठी शाळेचा पगार सरकार देतं. इमारत, डागडुजी, वीजबिल, प्रयोगशाळेतल्या बाटल्या हे संस्थेने बघायचं. वेतनेतर अनुदान कधी येतं, किती येतं, ते ज्या मुख्याध्यापकाने हातात घेतलंय त्यालाच विचारा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यात शाळांची छपरं उडाली. पत्रे कुठल्या कुठे गेले. असा खर्च आला की संस्थेला घाम फुटतो. दुसरीकडे २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा रस्ता मोकळा झालेला. त्याच आवारात इंग्रजी माध्यमाचा वर्ग काढला की पालक पैसे घेऊन दारात उभे. पहिल्या वर्षी ज्युनिअर केजी, मग दरवर्षी एक इयत्ता वर. मराठी वर्गाच्या खोल्या एकेक करून तिकडे जातात. मराठीचा पट आणखी उतरतो, उतरला म्हणून पद जातं, पद गेलं म्हणून पालक जातात. शेवटी एका जूनमध्ये पाचवीचा प्रवेश ‘या वर्षी नाही’ होतो. कुणी शाळा बंद केली असं कुठेच लिहिलं जात नाही.

पालकांना दोष देऊन हात झटकता येणार नाही. त्यांना इंग्रजी हवं आहे आणि ते मागण्यात चूक नाही. बोटीवर, हॉटेलात, गोव्यातल्या रिसॉर्टवर इंग्रजी लागतंच. पण इंग्रजी शिकणं वेगळं आणि सगळं शिक्षण इंग्रजीतून घेणं वेगळं, हे सांगायची जबाबदारी शाळेची होती. तिने ती टाळली. वरून काही ठिकाणी मराठीत बोललं तर दंड, असा खुळा नियम आला. राज्यात २०२० चा मराठी सक्तीचा कायदा आहे, २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आणि इकडे मालवणीत ‘खंय जातंस’ विचारलं म्हणून आठवीतला पोरगा दहा रुपये भरतो.

ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी, हे समीकरण तर कोकणात कधीच खरं नव्हतं. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती घरांत कादोडी बोलतात. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या वाडीत जुन्या पोर्तुगीजातून तयार झालेली बोली अजून जिवंत आहे. सिंधुदुर्गातल्या ख्रिस्ती घरांत मालवणी आणि कोंकणी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते काही अपघाताने नव्हे. वसईच्या मराठीतून वर आलेली ती माणसं. ज्या समाजाची अल्पसंख्याक म्हणून ही शाळा आहे, त्याच समाजाच्या पोराची घरची भाषा इंग्रजी नाही. मग अनुच्छेद ३० मधली ‘पसंती’ नेमकी कुणाची? समाजाची, की फी मोजणाऱ्या गिऱ्हाइकाची?

इथे धर्मांतराचा विषय निघतोच, म्हणून एकदाच बोलून टाकते. ख्रिस्ती शाळा महाराष्ट्रात दीडशे-दोनशे वर्षं चालू आहेत आणि २०११ च्या जनगणनेत राज्यातले ख्रिस्ती एक टक्कासुद्धा नाहीत. शाळांतून धर्मांतर होत असतं तर हा जगातला सर्वांत नापास झालेला उद्योग म्हणावा लागेल. आमच्याकडे शुक्रवारचा एक तास वर्ग दोन भागांत व्हायचा. ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला सिस्टरांकडे, बाकीची मूल्यशिक्षणाला माझ्याकडे. सात जण तिकडे, एकवीस इकडे. त्या सातांना आमच्या तासाला गोष्टी असतात म्हणून इकडे यायचं असायचं, आणि आमच्यातल्या दोघींना तिकडे गाणी असतात म्हणून तिकडे. गणपतीला शाळेला भरपूर सुट्टी, नाताळालाही. ज्यांना चर्चच्या शाळेचा धोका वाटतो, तेच जूनमध्ये प्रवेशासाठी ओळख काढत येतात, हे आम्ही पाहत आलोय. असो.

मुद्दा नववीचा आहे. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा, म्हणजे पहिली ते आठवी. पंचवीस टक्क्यांतून पहिलीला आलेलं मूल आठवी संपली की कायद्याच्या छत्रीबाहेर जातं. नववीला फी. घर तेच, बापाची मजुरी तीच, आणि आता वर्षाचे काही हजार, गणवेश, सहल, क्लास. जिथे सवलत संपते नेमकं तिथेच मूल कमावण्याच्या वयाला येतं. मुलगा होडीवर किंवा गॅरेजला, मुलगी काजूच्या कारखान्यात किंवा घरच्या धाकट्यांमागे. कोर्ट उद्या प्रमती निकाल फिरवो की कायम ठेवो, नववीच्या पोराला त्याने काही फरक पडत नाही. न्यायालयातली सगळी लढाई त्याच्या अलीकडच्या वर्गांपुरतीच आहे.

म्हणूनच माध्यमिक शाळा चालवणाऱ्या कॅथलिक संस्थांना माझं म्हणणं आहे की कायद्याने सक्ती करायची वाट बघू नका. कायदा जिथे संपतो तिथून सुरू करा. आपणहून चौथा हिस्सा जागा ठेवा, आणि त्या आठवीपर्यंत नाही, दहावीपर्यंत. जे मूल घेतलं ते दहावीच्या परीक्षेला बसेपर्यंत तुमचं. सक्तीने कुणी अशी शाळा बनवू शकत नाही, सरकारला ते जमलेलंही नाही. पंचवीस टक्के जागांच्या फीची प्रतिपूर्ती वर्षानुवर्षं थकवून सरकारने इतर खासगी शाळांना काय वागवलंय, ते सगळ्यांना ठाऊक आहे. स्वायत्तता हवी ती यासाठी. मुख्याध्यापक कोण असावा, प्रार्थना कोणती असावी एवढ्यासाठीच हवी असेल, तर तिची किंमत फार थोडी.

यावर संस्थेतली माणसं काय म्हणतात तेही मला माहीत आहे, कारण बैठकीत बसून ऐकलेलं आहे. सिस्टर कमी होत चालल्या. पूर्वी एका कॉन्व्हेंटात सहा-सात असत, आता तीन, त्यांतल्या एक आजारी. ज्या येतात त्या गोव्याच्या, मंगळूरच्या, केरळच्या, हल्ली झारखंड-ओडिशाच्याही. त्यांना मराठी शिकायलाच दोन वर्षं जातात, आणि गावाची नाडी कळायला लागली की बदलीची चिठ्ठी येते. आज्ञापालनाचं व्रत आहे, उठायचं आणि निघायचं. मी यावर कधी उघड बोलले नाही, आता बोलते. छोट्या शाळेला ही सततची बदली फार महागात पडते. नव्या प्रिन्सिपल सिस्टर येतात, त्यांना खारवीवाडा कुठे ते माहीत नसतं, जुन्या सिस्टरांनी कुणाची फी माफ केली होती त्याची वहीत नोंद नसते, कारण अशी माफी कुणी वहीत लिहीत नाही. जून महिन्यात त्या पोराला नोटीस जाते. शाळेची आठवण मग क्लार्ककाकांच्या आणि दोन जुन्या बाईंच्या डोक्यात उरते, तीही त्या निवृत्त होईपर्यंत. फीमाफी दयेवर असली की ती माणसाबरोबर जाते. ती नियमात असली तर राहते. दयाळूपणाचं कौतुक आपल्याकडे जरा जास्तच होतं. गरिबाच्या पोराला हक्काची पावती मिळाली तर त्याला दर जूनला कुणाच्या तरी ऑफिसबाहेर आईला घेऊन उभं राहावं लागणार नाही.

पैशाचं म्हणाल तर एकट्या शाळेने हे उचलावं असं मी म्हणतच नाही. २००५ मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत, म्हणजे चर्चच्या कारभाराचा वेगळा विभाग, झाला, त्यात सिंधुदुर्ग आहे, रत्नागिरी आहे आणि कोल्हापूरही आहे. वसईचा धर्मप्रांत १९९८ चा. कोल्हापुरातली किंवा वसई-विरारमधली भरलेली इंग्रजी शाळा आणि मालवण-वेंगुर्ल्याकडची दीडशे पटाची मराठी शाळा, दोघींच्या हिशोबाच्या वह्या आज वेगवेगळ्या. संस्था वेगळ्या, संघ वेगळे, हे मान्य. पण शहरातल्या शाळेच्या फीतला थोडा भाग छोट्या शाळांच्या इमारतनिधीत आणि नववी-दहावीच्या जागांत गेला, तर कोणत्या पालकाची हरकत असेल? असेल तर तोंडावर येऊ दे. निदान चर्चा कशावर होतेय ते कळेल.

सरकारलाही फार मोठं काही करायचं नाही. निकष ठरवताना पटाबरोबर अंतर बघा, खाडी बघा, एसटीची वेळ बघा, आणि ज्या जिल्ह्याची लोकसंख्याच उतरली तिथे वीसचा आकडा तसाच लावू नका.

आणि शाळेने स्वतःहून एक गोष्ट उद्यापासून करावी, तिला ना शासन निर्णय लागतो ना निधी. फाटकाजवळच्या फळ्यावर, जिथे दहावीच्या गुणवंतांची नावं रंगवतात, तिथेच नववीच्या वर्गाचे तीन आकडे लिहावेत. एकूण मुलं किती. त्यांतली पूर्ण फी न भरणारी किती. आणि गेल्या वर्षी आठवीतून पास होऊनही नववीला न आलेली किती. तिसरा आकडा दरवर्षी लिहायचा, नावं नकोत. आयोगाला, कोर्टाला, पालकसभेत आवाज चढवणाऱ्या पुढाऱ्याला, सगळ्यांना तोच फळा दाखवता येईल. पहिल्या वर्षी तो आकडा वाईट असणार आहे. आमच्या शाळेत लिहिला असता तर होताच.